भरतीच्या मैदानावरून हाफ मॅरेथॉनकडे : घोळक्यात पळायचे कसे?

पहाटे साडेपाचला धानोऱ्याच्या रस्त्यावर उभे राहा. गडचिरोलीकडे जाणारा रस्ता असो की मुरूमगावकडे जाणारा, कडेने दोन-दोन, तीन-तीन पोट्टे पळताना दिसतील. मुलीही दिसतील, बहुधा जोडीने. कशासाठी पळता, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : भरती. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत मारले की २० पैकी २० गुण. त्या एका आकड्यासाठी आपली मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे पहाटे उठतात. भरती झाली की पळणे थांबते. भरती झाली नाही आणि वय निघून गेले, की तेव्हाही थांबते.

गेल्या काही वर्षांत यात थोडा बदल झाला आहे. गडचिरोली पोलीस दलाच्या महामॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटरचा गट असतो. नागपूरच्या बाजूलाही अशा शर्यती होतात. आपली मुले नावे नोंदवतात, बक्षिसाच्या आशेने पहिल्या रांगेत उभी राहतात आणि चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला चालताना दिसतात. ज्यांना १६०० मीटरमध्ये ते सहज मागे टाकतील, अशी चाळिशीची माणसे त्यांच्या बाजूने पुढे निघून जातात.

हे का होते? दम कमी पडतो म्हणून नाही. दम या मुलांकडे भरपूर आहे. भरतीत तुकडी सोबत पळत असली तरी गुण घड्याळाप्रमाणे मिळतात. शेजारचा पुढे गेला की मागे राहिला, याने तुमच्या गुणांत फरक पडत नाही. हाफ मॅरेथॉनमध्ये नंबर माणसांच्या क्रमाने लागतो, आणि ती माणसे तास-दीड तास तुमच्या खांद्याला खांदा लावून पळत असतात. त्यांच्यासोबत राहून त्यांनाच हरवायचे असते. हे कौशल्य वेगळे आहे. ते आपल्याकडे कोणी शिकवत नाही, आणि पहाटे एकट्याने पळून ते येतही नाही. त्याबद्दलच हा लेख आहे.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. धानोरा ते गडचिरोली साधारण ३५ किलोमीटर आहे. म्हणजे धानोऱ्याहून निघालेला माणूस चातगाव मागे टाकून आणखी काही किलोमीटर पुढे जाईल, तेव्हा त्याची शर्यत संपेल. एसटीत बसून हे अंतर काहीच वाटत नाही. एकदा सायकलने जाऊन बघा, मग पळण्याचा विचार करा.

घोळक्यात पळण्याचा फायदा खरोखर होतो का, की ती नुसती मनाची समजूत आहे? ब्रायन हॅन्ली नावाच्या संशोधकाने जागतिक हाफ मॅरेथॉन अजिंक्यपद स्पर्धांच्या सहा वर्षांतील नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात ४९१ पुरुष आणि ३४७ महिला धावपटू होते. जे पूर्ण शर्यतभर कोणत्या ना कोणत्या घोळक्यात राहिले, त्यांचा वेग कमी घसरला. जे एकटे पडले किंवा पहिल्या पाच किलोमीटरपर्यंतच घोळक्यात टिकले, त्यांचा वेग जास्त घसरला. शेवटचे १.१ किलोमीटर जोरात मारण्यातही घोळक्यातल्यांना फायदा झाला. हॅन्लीचा सल्ला असा, की आपल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांजवळ राहून पळा. यातला 'तोडीच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

फायद्याचे एक कारण हवा आहे. पळताना आपण हवा कापत जातो. पुढच्या माणसाने ती कापली असेल तर मागच्याला कमी कापावी लागते. १९७१ मध्ये पग नावाच्या संशोधकाने वाऱ्याच्या बोगद्यात धावपटूंना पळवून हे मोजले. सेकंदाला सहा मीटर या वेगाने पुढच्या धावपटूच्या एक मीटर मागे पळणाऱ्याला सुमारे साडेसहा टक्के कमी ऑक्सिजन लागला. पण सेकंदाला सहा मीटर म्हणजे किलोमीटर २ मिनिटे ४७ सेकंदांत, हा जगातल्या अव्वल धावपटूंचा वेग झाला. दीड तासात हाफ मॅरेथॉन मारणारा सेकंदाला सुमारे ३.९ मीटर पळतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याला मिळणारा फायदा बराच कमी असतो. समोरून वारा आला की मात्र हिशेब बदलतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा तोंडावर असेल, तर आपल्या अंगावर येणारी हवा सेकंदाला जवळजवळ पावणेसात मीटर वेगाची होते. दोन्ही बाजूंनी धानाच्या मोकळ्या बांध्या असलेल्या सरळ रस्त्यावर हे लगेच जाणवते. तिथे घोळका सोडून एकट्याने पुढे निघणे म्हणजे मागच्यांची फुकट सेवा करणे.

२०१९ च्या १२ ऑक्टोबरला व्हिएन्नात एलियुड किपचोगेने पूर्ण मॅरेथॉन १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पळून दाखवली, तेव्हा त्याच्यासोबत ४१ पेसर पाळीपाळीने रचना करून पळत होते. तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, कारण ती स्पर्धाच नव्हती. पण जगातल्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉन धावपटूलाही सोबत लागते, एवढे त्यातून सगळ्यांनी पाहिले.

दुसरे कारण मनाचे आहे. एकटा पळणारा दर मिनिटाला स्वतःशी वाद घालतो : वेग बरोबर आहे ना, थोडा कमी करू का, पाय दुखतोय का. घोळक्यात हा वाद बंद होतो. समोरच्याच्या पाठीवरचा नंबर बघायचा आणि पळत राहायचे. डोक्याची जी दमछाक वाचते, ती शेवटच्या चार किलोमीटरला कामी येते.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण. अविनाश साबळे हे नाव तुम्हाला माहीत आहेच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्याचे गाव. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवर काम केलेले. शाळा सहा किलोमीटर दूर, तिथे चालत किंवा पळत जाणे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, ५ महार बटालियनमध्ये. महार रेजिमेंट हे शब्द आपल्या वाचकाला नुसते पलटणीचे नाव वाटत नाहीत. ब्रिटिशांनी बंद केलेली आपली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी केलेला पाठपुरावा आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिलेली पहिली बटालियन हा इतिहास आपल्या घराघरात माहीत आहे. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांतले जवान असतात. त्याच रेजिमेंटचा हा जवान सियाचीनमध्ये राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला आणि सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून धावपटू झाला. भरतीसाठी पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : त्याचे खरे पळणे भरतीनंतर सुरू झाले.

साबळेची मुख्य शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. तरीही २९ नोव्हेंबर २०२० रोजी तो दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये उतरला. कोरोनाचा काळ होता, रस्त्यावर फक्त निवडक धावपटू होते, आणि त्यांत इथिओपिया, केनिया, युगांडा यांचे तगडे लोक. पहिला आलेला इथिओपियाचा अमदेवर्क वालेलेन ५८ मिनिटे ५३ सेकंदांत पोहोचला, दुसरा त्याच्या एका सेकंदाने मागे, तिसरा आणखी दोन सेकंदांनी. एकवीस किलोमीटर पळून तिघांत तीन सेकंदांचे अंतर! घोळका म्हणजे काय, ते यावरून समजते. साबळे दहावा आला. त्याची वेळ १ तास ० मिनिटे ३० सेकंद, म्हणजे प्रत्येक किलोमीटर सरासरी २ मिनिटे ५२ सेकंदांत. त्याआधीचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच कालिदास हिरवेचा होता, १ तास ३ मिनिटे ४६ सेकंदांचा. राष्ट्रीय विक्रम एका सकाळी सव्वातीन मिनिटांनी पुढे सरकला. साबळेची तयारी मोठी होतीच. पण भारतीय धावपटूंमध्ये पळताना त्याच्या पुढे कोणी नसते आणि त्या दिवशी पुढे नऊ जण होते, याचाही त्या वेळेत वाटा असावा असे मला वाटते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंना चिकटून राहण्याची हीच हिंमत दाखवली आणि शेवटच्या टप्प्यात त्यांच्यातल्या दोघांना मागे टाकले. सुवर्ण मिळालेला अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. पाच शतांश सेकंदांनी रौप्य. १९९८ पासूनच्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची सगळी पदके केनियाच नेत होता.

ही उदाहरणे वाचून कोणी उद्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाच्या माणसाला चिकटायला जाईल, म्हणून लगेच सांगतो : मी तेच केले होते. माझ्या पहिल्या हाफ मॅरेथॉनमध्ये बंदूक उडाली आणि मी आघाडीच्या सहा जणांत शिरलो. फोटोग्राफरच्या मोटारसायकलमागे पळताना छाती फुगली होती. आठव्या किलोमीटरला ते माझ्यापासून वीस पावले पुढे होते, दहाव्याला दिसेनासे झाले. तेराव्याला मागचा घोळका आला. खरे तर तो माझा घोळका होता, माझ्या ताकदीचा. त्यांनी मला गिळले आणि मागे टाकून गेले. उरलेले आठ किलोमीटर मी एकटा, ऊन अंगावर घेत, अर्धा पळत अर्धा चालत पूर्ण केले. त्यातल्या एकाने नंतर विचारले, 'भाऊ, आमच्यासोबत का नाही निघालास?' याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आपला घोळका कोणता, हेच मला माहीत नव्हते.

ते कसे ओळखायचे? तुमची पाच किलोमीटरची वेळ घ्या. एसआरपीएफच्या भरतीत पाच किलोमीटर असते, त्यामुळे ती वेळ बहुतेकांना माहीत असते. पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याने काढलेले एक सूत्र धावपटू वापरतात. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त लागते. गणितात न शिरता उत्तर सांगतो : पाच किलोमीटर २० मिनिटांत मारणारा माणूस हाफ मॅरेथॉन साधारण १ तास ३२ मिनिटांत मारू शकतो, पण लांब पळण्याचा सराव असेल तरच. म्हणजे पाच किलोमीटरला त्याचा वेग किलोमीटरला चार मिनिटे असतो, हाफला ४ मिनिटे २२ सेकंद. हे बावीस सेकंद भरतीवाल्या मुलाला मान्यच होत नाहीत. पहिला किलोमीटर ४ मिनिटे २२ सेकंदांत पळताना त्याला आपण फिरायला निघालो आहोत असे वाटते. तो ३ मिनिटे ५० सेकंदांत जातो, आणि त्याची किंमत पंधराव्या किलोमीटरला व्याजासह मोजतो.

अंगुत्तर निकायातली सोण कोळिवीसाची गोष्ट आपल्याकडे विहारात सांगितली जाते. मऊ पायांचा, श्रीमंत घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत चालला. काही साधले नाही म्हणून घरी परतण्याचा विचार करू लागला. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारा विचारल्या : फार ताणल्या तर वाजते का? ढिल्या सोडल्या तर? आपण ही गोष्ट मध्यम मार्गाची म्हणून ऐकतो. पण ती आळशी माणसाला सांगितलेली नाही, अतिकष्ट करणाऱ्याला सांगितलेली आहे. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये बहुतेक तरुण धावपटू सोणच असतात.

तेव्हा सुरुवातीला घोळका शोधा. पहिले दोन किलोमीटर गर्दी विस्कळीत असते, कोणी उगाच जोरात जातो, कोणी मागून येतो. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत लहान लहान घोळके बनू लागतात. तुमच्या वेगाचा घोळका दहा-पंधरा मीटर पुढे असेल तर एका दमात त्याला गाठू नका, एका किलोमीटरमध्ये हळूहळू गाठा. थोडा मागे असेल तर त्याची वाट बघा. दोन-तीन सेकंद गमावून सोबत मिळणार असेल तर तो फायद्याचा सौदा आहे. घोळक्यात शिरल्यावर लोकांचा श्वास ऐका. सगळे धापा टाकत असतील आणि तुम्ही एक-दोन वाक्ये बोलू शकत असाल, तर हा घोळका फुटणार आहे, तुम्ही पुढच्याचा विचार करू शकता. सगळे शांत आणि तुम्हीच धापा टाकत असाल, तर अभिमान गुंडाळून ठेवा आणि मागे या.

एक तांत्रिक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. बुटाला चिप लावतात, त्यामुळे अनेकांना वाटते की मागून निघाले तरी हरकत नाही. आपल्या वेळेसाठी ते खरे आहे. पण मुख्य बक्षिसांचे नंबर बहुतेक स्पर्धांत बंदूक उडाल्यापासूनच्या क्रमाने ठरतात. बक्षिसासाठी पळणाऱ्याने नियम आधी वाचावेत आणि पुढे उभे राहावे. आणि पुढे उभे राहिला म्हणून पुढे पळालाच पाहिजे असे नाही.

घोळक्यात पळण्याच्या काही रीती आहेत. पुढच्याच्या बरोबर मागे पळू नका, पाय पायात अडकतो. त्याच्या खांद्याच्या किंचित बाजूला राहा. खड्डा, गतिरोधक, शेण, सगळे आधी दिसते. पाण्याच्या टेबलापाशी सर्वाधिक पडापडी होते. तिथे पोहोचण्याच्या आधीच कडेला सरका, घोट घ्या आणि पुन्हा आपल्या जागी या. वळणावर आतल्या बाजूने जा, कारण अंतर वळणाच्या आतल्या रेषेवर मोजलेले असते. प्रत्येक वळण बाहेरून घेणारा एकवीस किलोमीटरमध्ये सहज शंभर-दीडशे मीटर जास्त पळतो. यू-टर्न असेल तर समोरून येणारे मोजा. आपण कितवे आहोत आणि पुढचा किती दमलाय, हे फुकटात कळते.

आणि थोडा वेळ पुढे या. जो संपूर्ण शर्यतभर इतरांच्या मागे लपतो, त्याला घोळका ओळखतो. एखादा वारा कापून मागे बघतो आणि हाताने 'ये' म्हणतो, तेव्हा तुमची पाळी आलेली असते. एखादा किलोमीटर ओढा, मग बाजूला व्हा. यात उपकार कोणाचेच नसतात. घोळका जितका टिकेल तितकी सगळ्यांची वेळ सुधारते. प्रतिस्पर्धी आणि सोबती ही दोन्ही नाती एकाच माणसाशी एकाच वेळी ठेवायची असतात. सुरुवातीला अवघड जाते.

घोळक्यात एखादा मुद्दाम झटके देतो. दोनशे मीटर जोरात, मग पुन्हा हळू. इतरांना थकवण्याचा हा जुना डाव आहे. प्रत्येक झटक्याला उत्तर देऊ नका. आपला वेग तसाच ठेवा. झटका देणारा बहुतेक वेळा पुन्हा आपल्या हातात येतो. चढावर तर हे कधीच करू नये. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा असतो. तिथे चढावर घोळका सैल होतो आणि उतारावर ज्याच्या मांड्या शाबूत, तो पुढे जातो. आपल्याकडे एवढे घाट नाहीत, पण पुलाचे चढ आणि मार्चचे ऊन आहे.

मुलींसाठी एक वेगळा मुद्दा. एकत्र शर्यतीत महिला कमी असतात, त्यामुळे त्यांच्या वेगाचा घोळका बहुतेक पुरुषांचा असतो. त्यात पळायला संकोच करू नका. तुमची स्पर्धा त्यांच्याशी नाही, म्हणून ते तुमचे निव्वळ सोबती आहेत. सुरगाण्या-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यातली आदिवासी पाड्यातली मुले-मुली आज लांब पल्ल्यात दिसतात, त्यांच्यापुढे वाट घालून देणारी सावरपाड्याची कविता राऊत होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. धानोऱ्यातून ते अशक्य आहे असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपूरमध्ये हा आजार गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, तसाच विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांतही आहे. 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण. रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीत उतरू नये, याबद्दल दुमत नाही. 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे लग्न जुळवताना कळते. वाहकाने पळू नये असे कोणीही म्हणत नाही. मोठमोठे खेळाडू वाहक आहेत. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरण्याचा धोका वाहकांमध्ये सुमारे दीडपट होता. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

घोळक्याचा या धोक्याशी थेट संबंध आहे. सवय नसताना एकदम वाढवलेला वेग, ऊन, अंगातले पाणी कमी होणे आणि 'सोडायचे नाही' ही जिद्द, या चार गोष्टी एकत्र आल्या की वाहकाच्या रक्तपेशी दमलेल्या स्नायूंत कोयत्याच्या आकाराच्या होऊ लागतात. घोळका नेमके हेच करायला लावतो. सोबतचे पळत आहेत म्हणून आपणही दुखणे गिळतो. साधा गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. इथे तसे होत नाही. मांड्या, कंबर, पाठ दुखतात, पण पायांतली शक्तीच जाते. स्नायू हाताला मऊ लागतात आणि माणूस हळूहळू खाली बसतो. असे झाले की थांबायचे. 'थोडे ढकल, जमेल' असे कोणी म्हणू नये. सावलीत न्यायचे, अंग गार करायचे, रुग्णवाहिका बोलवायची आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचे की हा सिकलसेलचा वाहक आहे. ते सांगता येण्यासाठी आधी स्वतःला माहीत असायला हवे. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. अमेरिकेत विद्यापीठ पातळीवरच्या अव्वल खेळाडूंसाठी ही तपासणी २०१० पासून सुरू झाली. आपल्याकडे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण हजारोंनी जमतो, गावोगावी १४ एप्रिलला तरुणांच्या दौडी काढतो. त्या दौडीच्या फॉर्मवर रक्तगटासोबत 'सिकलसेल तपासणी झाली का' हा एक रकाना टाकायला काही खर्च येत नाही.

सरावाचे थोडक्यात. आठवड्यातून एकदा लांब पळा, दहापासून सुरू करून दर आठवड्याला एखादा किलोमीटर वाढवत अठरापर्यंत न्या. साधारण नऊ आठवडे लागतील. एक दिवस ठरवलेल्या शर्यतीच्या वेगाने सहा ते आठ किलोमीटर. बाकीचे दिवस हळू. आणि एक दिवस घोळक्याचा. पाच-सहा जणांनी एका रांगेत पळायचे, दर मिनिटाला शेवटच्याने पुढे यायचे. यात पुढे ओढणे, मागे लपणे आणि झटक्याला शांत राहणे, तिन्ही शिकायला मिळते. मिळून पळण्याचे आपल्या भागात आणखी एक कारण आहे. जंगलातल्या रस्त्यावर अंधारात एकट्याने जाऊच नका. वाघाचे सोडा, २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्तीही या बाजूला येत आहेत. पुरेसे उजाडल्यावरच निघा. मुलींच्या घरचेही एकटीला सोडत नाहीत, पाच जणींना सोडतात.

शेवटचा भाग सोळाव्या किलोमीटरपासून सुरू होतो. तोवर घोळका दहाचा चारचा झालेला असतो. आता मागे वळून बघू नका. मागचा ते पाहतो आणि त्याला बळ येते. कोणाचा श्वास तुटतोय, कोणाचे पाय जमिनीवर आपटू लागलेत, कोण वारंवार घड्याळ बघतोय, हे ऐकून-बघून ठरवा. तुम्हाला शेवटचे दोनशे मीटर वेगात मारता येत असतील तर थांबून राहा. भरतीवाल्या मुलांचे हेच बळ आहे. १६०० मीटरचा वेग त्यांच्या पायांत असतो, फक्त तो पहिल्या किलोमीटरऐवजी शेवटच्यासाठी राखून ठेवायचा. तसा वेग नसेल तर दोन किलोमीटर आधीच निघा आणि लांबून ताणा, म्हणजे वेगवान माणसाला मोकळे पाय मिळणार नाहीत. निघायचे तर एकदाच आणि पूर्ण निघा. अर्धवट निघालेला माणूस इतरांसाठी पेसर ठरतो.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटे चाला, थोडे थोडे पाणी, मीठ-साखर घातलेले असले तर उत्तम. ज्यांच्यासोबत पळालात त्यांच्यापैकी कोण आले, कोण आले नाही ते बघा. कोणी कमी असेल तर स्वयंसेवकाला सांगा. आणि त्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मेडल घरी ठेवून थेट दवाखाना गाठा.